डावं दोन, आवळतं

पायल : आणखी ओढलास तर श्वास घेता येणार नाही, वहिनी.

किर्ती : श्वास सुखानं आला म्हणजे पट्टा सैल हाय. खांदा वर कर.

पायल : आई गं! बास, बास. छातीत दुखतंय.

(रविवार, सकाळचे साडेनऊ. बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या कडेकडेनं जाणारा नऊ किलोमीटरचा कच्चा रस्ता शर्यतीसाठी बंद केला आहे. तीन नंबरच्या गाडीत किर्ती स्टिअरिंगवर आहे आणि शेजारी, मांडीवर वळणांची वही घेऊन, तिची नणंद पायल. शर्यतीच्या गाडीत पायल आज पहिल्यांदाच बसली आहे, आणि उतरायला काय कारण सांगावं ते मनातल्या मनात शोधते आहे. गाड्या सोडायचं काम मुकेशकडे आहे.)

किर्ती : आवाज येतो ना माझा कानात?

पायल : येतोय. समोरची गाडी गेली की लगेच आपण?

किर्ती : तिच्यामागनं दोन मिनटांनी आपण. आपल्यामागनं दोन मिनटांनी नाथाची जीप. वही उघड. काय शिकवलं ते बोल.

पायल : आकडा मोठा तेवढं वळण सोपं. सहा म्हणजे जवळपास सरळच. एक म्हणजे उलटं फिरल्यासारखं.

किर्ती : नि आवळतं म्हणजे?

पायल : आधी सोपं वाटतं, आत शिरल्यावर घट्ट होत जातं.

किर्ती : चौकट काढलीय तिथं?

पायल : जोरात दोनदा बोलायचं. चौकट एकच आहे. पान सात. चढ, पलीकडचं दिसत नाही, मग साठ मीटर, मग डावं दोन, आवळतं, उजवीकडे दगडाची खाण. वहिनी, ती खाण किती खोल आहे गं? काल वाकून बघायचा धीर झाला नाही मला.

किर्ती : खाण बघायची नाय. वही बघायची. खिडकीतनं बाहेर बघितलंस की ओळ चुकली म्हणून समज.

पायल : काल तरी बरं होतं. तुझा मेकॅनिक राजू पंधराच्या स्पीडनं चालवत होता, तू मागच्या सीटवरच्या म्हातारीसारखी सावकाश सांगत होतीस, मी लिहीत होते. म्हटलं, एवढंच असतं होय. आज तू कितीनं चालवणार?

किर्ती : बघू.

पायल : बघू काय? आणि आज सकाळी, गाड्या लावल्यात त्या ग्राउंडपासून इथपर्यंतसुद्धा गाडी राजूनंच आणली. तू कधी बसलीस स्टिअरिंगवर?

किर्ती : आता बसले ती.

पायल : नाही, म्हणजे त्या अपघातानंतर.

किर्ती : आताच.

पायल : चार महिन्यांत पहिल्यांदा? स्कूटीपण नाही?

किर्ती : स्कूटीला किल्ली लावली एकदा. मंग चालतच गेले बाजारात.

पायल : अरे यार! हे दादाला माहितेय?

किर्ती : पलंगावरनं मिलिंदला काय दिसतंय?

मुकेश : नमस्ते, नमस्ते! तीन नंबर रेडी? भाभी, खूप बरं वाटलं तुम्हाला बघून. आपल्या एरियातली सगळी पोरं विचारत होती, किर्तीभाभी येणार का, किर्तीभाभी येणार का.

पायल : मुकेशभाई, खरंच विचारते. एक माणूस कमी असला तर चालतं का हो?

मुकेश : नवीन हाय ना मॅडम? घाबरायचं नाय. ही काय चॅम्पियनशिप नाय, एकदम फ्रेंडली मामला. पॉइंट नाय, रँकिंग नाय. मजेत जायचं, मजेत यायचं, खाली पुलाव ठेवलाय. फक्त एक ध्यान ठेवा, टँकरनं पाणी मारलंय पण खाणीच्या बाजूला पाणी पोचलं नाय. तिथं धूळ लय हाय. तीन मिनिट, भाभी!

पायल : बघ, तोच म्हणतोय. याचे पॉइंट कुठेच धरत नाहीत. जिंकलीस तर एक कप आणि शाल. मग जीव मुठीत धरून आपण इथे का आलोय?

किर्ती : धरत नाय म्हणूनच आलो.

पायल : हे मला नीट सांग.

किर्ती : जिथं पॉइंट असतात ना, तिथं पाय का दाबला ह्याचं उत्तर तयार असतं. पॉइंटासाठी दाबला. सगळ्यांना पटतं. आपल्यालाबी पटतं. इथं ते उत्तर नाय.

पायल : मला काहीच कळत नाहीये, आणि तू असं बोलायला लागलीस की मला जास्त भीती वाटते. मी का आलेय माहितेय? दादा म्हणाला, तू नाही बसलीस तर ती एक दिवस कुणाला न सांगता एकटीच गाडी काढेल. आईला मी मैत्रिणीच्या हळदीला जाते सांगून आलेय. हळदीला! अंगात हा आग न लागणारा सूट घालून.

किर्ती : आईंना कळलं तर माझ्या डोक्यावर आणखी एक दोष चढंल.

पायल : आईचं सोड. ती तुझ्याशी बोलत नाही, पण दादाचं सगळं ऐकून तिलाही आत कुठेतरी कळलंय. दादा सगळ्यांना सांगतो ना. त्याच्या वहीचं पान चिकटलं, वळण त्यानं उशिरा सांगितलं, म्हणून गाडी गेली. तुझी चूक नव्हती.

किर्ती : तसं सांगतो तो?

पायल : डॉक्टरलापण तेच सांगितलं.

किर्ती : खोटं सांगतो.

पायल : काय?

किर्ती : पान-बिन काय चिकटलं नव्हतं. त्यानं वेळेत सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर ओरडला. मना सगळं ऐकू आलं.

पायल : मग?

मुकेश : एक मिनिट, भाभी! काच वर घ्या!

पायल : मग काय झालं, वहिनी?

किर्ती : मी पाय उचलला नाय.

पायल : म्हणजे?

किर्ती : ॲक्सलरेटरवरचा पाय. उचलायचा व्हता. नाय उचलला. गाडी झाडावर गेली, त्याच्या बाजूनं.

पायल : पण का?

किर्ती : तेच तर माहीत नाय. त्या सकाळी आम्ही भांडलो व्हतो. तो बोलला, हा सीझन शेवटचा, मंग गाडी विकायची. मी बोलले, तुला भ्या वाटत असंल तर तू उतर. मंग तसेच गाडीत बसलो. वळणं सोडून एक शब्द नाय बोलला माझ्याशी. पायल, मी त्याला दाखवायला दाबला असंल तर?

पायल : तू हे मला आत्ता सांगतेस? पट्टे आवळल्यावर?

मुकेश : तीस सेकंद!

पायल : म्हणजे तू बघायला आलीयेस. पुन्हा तसंच वळण आलं की तुझा पाय काय करतो, ते. आणि शेजारी मला बसवलंस!

किर्ती : उतर. आत्ता उतर. मी काय नाय बोलणार, कंदीच नाय बोलणार.

पायल : मी उतरले तर तूही उतरशील ना?

किर्ती : नाय.

पायल : वळणं कोण सांगणार तुला?

किर्ती : दिसंल तेवढं दिसंल.

मुकेश : दस!

पायल : नाही उतरत मी. वही उघडली.

किर्ती : पहिल्या ओळीवर बोट ठेव.

मुकेश : पाँच... चार...

पायल : दादा, मी तुला सोडणार नाही. घरी आल्यावर मी तुला सोडणार नाही!

मुकेश : दो... एक... जाव!

पायल : ऐंशी मीटर, उजवं पाच!

किर्ती : मोठ्यानं.

पायल : उजवं पाच! लगेच डावं चार! शंभर, मधे खड्डा, डावीकडून घे!

किर्ती : बरोबर. पुढं.

पायल : उजवं चार, लांब! लांब! अजून चालूच आहे! वहिनी, मागचं चाक बाजूला जातंय!

किर्ती : जाऊ दे त्याला, ते जाणारच. पुढचं सांग.

पायल : पुढचं... थांब, ओळ गेली, ओळ गेली माझी...

किर्ती : विहीर दिसतेय उजव्या हाताला.

पायल : विहीर! विहिरीनंतर डावं तीन! मग दीडशे सरळ!

किर्ती : सापडली ना? बस. भ्यायची तर भी, पण बोट ओळीवरनं काढू नको.

पायल : उजवं पाच, डावं पाच, उजवं चार. पान उलटतेय. पान सहा. पूल, अरुंद!

किर्ती : चांगलं वाचतेस गं. मिलिंदसारखंच. शेवटचा शब्द खाली नेतेस.

पायल : बोलू नकोस, रस्ता बघ! दोनशे सरळ. किती स्पीड आहे? नाही, नको सांगूस. डावं चार. पान सात. वहिनी, पान सात आलं.

किर्ती : वाच.

पायल : चढ, पलीकडचं दिसत नाही. साठ मीटर. डावं दोन, आवळतं! डावं दोन, आवळतं! पाय काढ, वहिनी, पाय काढ, खाण आहे, पाय काढ, आई!

किर्ती : ब्रेक! धर घट्ट!

पायल : थांबलो. आपण थांबलो? थांबलो ना आपण? डोळ्यांत धूळ गेली, काही दिसत नाहीये. वहिनी?

किर्ती : थांबलो.

पायल : हाडं शाबूत आहेत. तुझी?

किर्ती : हाय.

पायल : मग चल. इंजिन बंद पडलंय, चालू कर. वहिनी, चालू कर ना. आपण चढाच्या पलीकडे आहोत, रस्ता अडवून. मागून येणाऱ्याला आपण दिसणारच नाही.

किर्ती : ठाऊक हाय.

पायल : नाथाची जीप येतेय मागून!

किर्ती : ठाऊक हाय. पाय हलत नाय.

पायल : मोडलाय?

किर्ती : नाय. दुखत नाय. ब्रेकवर हाय, नि हलतच नाय. मी सांगतेय त्याला, ऐकत नाय.

पायल : वहिनी, गंमत नको करूस. दोन मिनिटांतले पस्तीस सेकंद गेले. घड्याळ माझ्या हातात आहे. नाथा आपल्यापेक्षा जोरात येणार, म्हणजे मिनिटभरच धर.

किर्ती : तू उतर. डिकीत लाल तिकोन हाय, तो घेऊन चढावर पळ. त्याला दाखव.

पायल : आणि तू?

किर्ती : मी बसते.

पायल : दरवाजा बांधाला टेकलाय माझा. चार बोटं उघडतोय फक्त. तुझ्या बाजूनं उतरायचं तर आधी तू उतरायला पाहिजेस. उतर ना!

किर्ती : नाय जमत. पायल, मना लई भ्या वाटतंय गं.

पायल : पन्नास सेकंद. ऐक. डावा पाय हलतो?

किर्ती : डावा... हां. डावा हलतोय.

पायल : मग क्लच दाब. पूर्ण दाब. रस्ता उतरता आहे ना इथून? ब्रेक सुटला की गाडी आपोआप खाली जाईल?

किर्ती : वळणात जाईल. सरळ वळणात. उजवीकडं खाण हाय.

पायल : वळणापलीकडे काय आहे? काल तू म्हणाली होतीस, आत जागा आहे, डंपर उभे राहतात.

किर्ती : डाव्या अंगाला. वळण संपलं की.

पायल : तिथे जायचं. मी पट्टा काढतेय.

किर्ती : पट्टा काढू नको! येडी हायस काय?

पायल : मग तुझ्या पायापर्यंत मी पोचू कशी? सरक. गुडघा बाजूला घे. मिळाला, तुझा घोटा मिळाला. केवढा घट्ट गं, दगड झालाय नुसता. मी पाय उचलते आणि ब्रेकवर माझा हात ठेवते. मला खालून काही दिसत नाही. आता तू सांग, मी दाबते.

किर्ती : मी?

पायल : तू वळण सांग! जसं मी सांगत होते तसं सांग. स्टिअरिंग आहे ना हातात? हात चालतात ना?

किर्ती : हात चालतात.

पायल : ऐंशी सेकंद झाले. उचलते हां. एक, दोन...

किर्ती : चाललो. चाललो! जरा दाब.

पायल : दाबला.

किर्ती : सोड. वीस मीटर. स्टिअरिंग लई जड झालंय. दाब. आणखी. सोड. डावं दोन सुरू झालं.

पायल : खाण कुठे आहे?

किर्ती : माझ्या खिडकीखाली. बोलू नको. दाब, दाब, आवळतंय, दाब! थोडा सोड. चाक फिरत नाय... फिरलं. सोड. दहा मीटर. डावीकडं घेते, खडीत घेते. आता पुरा दाब!

पायल : दाबला! थांबली?

किर्ती : थांबली. गिअरात टाकली. डोकं वर नको काढू, तसाच धर. आला तो.

पायल : हॉर्न वाजवतोय...

किर्ती : आला, आला... गेला. गेला, पायल. हात दाखवून गेला. त्याला वाटलं आपण वाट दिली त्याला.

पायल : दरवाजा उघडतो का बघ माझा. मला ओकारी येतेय.

किर्ती : उघडतोय. जा. हेल्मेट काढ आधी.

पायल : पाणी... पाणी दे.

किर्ती : पाणी घे. चूळ भर. सगळं निघालं?

पायल : सकाळचे पोहे निघाले. वहिनी, तू रडतेस?

किर्ती : हसतेय वाटतं. ठाऊक नाय. पाय हलतोय आता. बघ. आपोआप हलायला लागला, मेला.

पायल : मेला काय! त्याच्यापायी आपण मेलो असतो.

किर्ती : पायल, तसाच झाला व्हता. त्या दिवशीबी अगदी अस्साच झाला व्हता. मिलिंद ओरडला, मी पाय उचलायला गेले, नि पायात जीवच नाय. मी विसरलेच हे. चार महिने मना एवढंच आठवायचं, उचलला नाय, उचलला नाय. उचलायला गेले व्हते हे आठवलंच नाय.

पायल : हळू बोल. बस इथे दगडावर.

किर्ती : राग नव्हता गं. मी भ्यायले व्हते. त्या दिवशी पाय ॲक्सलरेटरवर व्हता, तिथंच दगड झाला. आज ब्रेकवर व्हता म्हणून आपण वाचलो. एवढाच फरक.

पायल : आणि तू समजत होतीस, तू दादाला मुद्दाम...

किर्ती : रोज रात्री समजत व्हते. त्याची मांडी शेकताना समजत व्हते. नि तो काय समजतो ठाऊक हाय? तोबी तेच समजतो. मी रागानं दाबला असं. मना झाकायला त्यानं ते पान चिकटवलं. चार महिने आम्ही दोघं एका खोलीत, नि त्यावर एक शब्द नाय. तो विचारत नाय, मी सांगत नाय.

पायल : तू सुरुवातीलाच विचारायचं होतंस त्याला, तुलाही तसंच वाटतं का म्हणून.

किर्ती : तो हो बोलला असता तर?

पायल : मलाही सांग, वहिनी, खरं सांग. आज मी बसले नसते तर तू काय केलं असतंस?

किर्ती : चढावर थांबले असते. नि मंग नाथा आला असता.

पायल : असं नको बोलूस.

किर्ती : खरं सांग बोललीस ना?

मुकेश : ओ भाभी! काय झालं? मी मोटरसायकल घेऊन भागत आलो. नाथा खाली पोचला, तुम्ही नाय पोचल्या. लागलं काय कुणाला?

किर्ती : नाय. गाडी बंद पडली व्हती.

मुकेश : टो करायला गाडी बोलवू? टाइम तर गेला तुमचा. पण काय वांदा नाय, निकालाच्या शीटवर काय चढणारच नाय हे. कोण विचारणार?

किर्ती : मागं आणखी गाड्या हाय?

मुकेश : दोन होत्या, मी थांबवून ठेवल्या. तुम्ही बोलाल तशा सोडतो.

किर्ती : मंग त्यांना सोड आधी. त्या गेल्या की मी हळूहळू खाली आणते. टो नको.

पायल : वहिनी, आणखी पाच किलोमीटर आहेत. राजूला बोलवू या ना. तो आणेल.

किर्ती : पंधराच्या स्पीडनं आणते. कालच्यासारखी. तू वाच. नि पाय पुन्हा दगड झाला तर तुला ठाऊक हाय काय करायचं.

मुकेश : कसला पाय?

पायल : काही नाही, मुकेशभाई. तुम्ही गाड्या सोडा.

मुकेश : ठीक हाय. मॅडम, पाणी प्या आणखी. तुमचा चेहरा एकदम सफेद झालाय.

पायल : वहिनी, या मोसमात पुढच्या राउंडला...

किर्ती : नाय. असा पाय घेऊन मी कुणाच्या पोराला शेजारी बसवणार? त्यातलं कळतं अशा कुणाला तरी दाखवायला पाहिजे. डॉक्टरला म्हण, कुणाला म्हण. मंग बघू. विकायची तर विकू दे गाडी.

पायल : फोन वाजतोय माझा. दरवाजाच्या कप्प्यात ठेवला होता. दादा आहे. त्याला सुटायची वेळ माहीत होती, घड्याळ लावून बसला असेल. काय सांगू?

किर्ती : काय नको सांगू. उचलू नको. घरी गेल्यावर मीच...

पायल : वहिनी.

किर्ती : घरी गेल्यावर आई असतील, चहा असंल, मंग माझ्याच्यानं नाय व्हायचं. दे इकडं.

पायल : स्पीकरवर नको टाकूस. मी लांब जाते.

किर्ती : नको जाऊ. इथंच बस. हॅलो... हां, मीच. नाय, नाय लागलं कुणाला. पायल पण बरी हाय, पाणी पितेय. नाय पोचलो. मधेच थांबलो... मिलिंद, ऐक जरा. तुझं पान चिकटलं नव्हतं... नाय, तू थांब, मना बोलू दे. तू वेळेत सांगितलं व्हतंस. मी ऐकलं व्हतं. पाय उचलायला गेले, उचललाच नाय गेला. आजबी तसंच झालं, पायलनं हातानं उचलला तो... राग नव्हता रे. भ्यायले व्हते. एवढंच व्हतं ते... मिलिंद? ऐकलंस ना?

पायल : काय झालं? ऐकलं त्यानं?

किर्ती : हां, सगळं.

पायल : काय म्हणतो?

किर्ती : विचारतो, मंग चार महिने एकटीच भीत बसलीस काय.